ताप उतरला, डोळा गेला

पाचोरा स्थानकात मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाड्या आजही धडधडत येतात. शेजारची पी.जे. मात्र २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पाचोरा ते जामनेर, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर रमतगमत जाणारी ही अरुंद रुळांची गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला सुरू झाली. तिच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकात, जी.आय.पी. रेल्वेचे मोठे रूळ पाचोऱ्यावरून भुसावळकडे गेले होते. खानदेशचा कापूस या रुळांवरून मुंबईला जायचा आणि मुंबईहून कापड, धान्य, माणसे परत यायची. पुढे माणसांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर प्लेगही आला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकॅशिओ व्हिएगास यांनी मुंबईत मांडवी भागातल्या रुग्णाचा आजार प्लेग असल्याचे सांगितले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा अमलात आला. त्यानंतरचे पुण्याचे प्रकरण, घरझडत्या, प्लेग अधिकारी रँड, २२ जूनची रात्र, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. खानदेशातला प्लेग मात्र इतक्या तपशिलाने कुणी सांगितला नाही. गावात उंदीर पडू लागले की माणसे घरांना कड्या घालून रानात झोपड्या बांधून राहत. जो तो आपल्या आणि शेजाऱ्याच्या काखेत, जांघेत गाठ चाचपडत असे. पाचोऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, असोदे-जळगावच्या पट्ट्यात, बहिणाबाई चौधरींनी या साथीला ‘पिलोक’ म्हटले आणि तिच्यावर कविता केली. हे दुखणे त्यांच्या घरातच शिरले होते. त्यांचा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचे अपंगत्व घेऊन.

ओंकारसारखे जे वाचले त्यांच्याकडे इतिहासाने फारसे पाहिले नाही. मेलेल्यांची मोजदाद झाली. पहिल्या पाव शतकातच देशभरात तो आकडा कोटीच्या घरात गेला. उठून बसलेल्या माणसाचे काय गेले, हे कुणी मोजले नाही. काहींचा डोळा गेला होता. त्या काळच्या वैद्यकीय लिखाणात प्लेगच्या उपद्रवांमध्ये डोळ्यांचाही उल्लेख येतो: बुबुळाला पडणारी जखम, आतल्या पडद्यांची सूज आणि क्वचित सबंध डोळ्यात पू होऊन तो निकामी होणे. गाठ जांघेत, डोळा चेहऱ्यावर, मध्ये हातभर अंतर. हे अंतर तोडून दुखणे वर कसे पोचले, याचे कोडे मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरला पडत असेल तर गावातल्या माणसाने ते देवीच्या कोपावर सोडले यात नवल नाही.

इथे थोडे सावध राहायला हवे. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तापात डोळा गेला’ हे वाक्य सर्रास येते, पण त्यामागे निरनिराळी दुखणी असत. देवी आल्या की बुबुळावर व्रण होई आणि पुढे त्या जागी फूल पडे. गोवर आणि उपासमार एकत्र आली की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने पोरांची बुबुळे विरघळून जात. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळाने ग्रासलेल्या मुलखात याची कल्पना करणे अवघड नाही. तिसरे कारण सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात फसवे. बाहेरून डोळ्याला काहीही लागलेले नसते. शरीरात दुसरीकडे कुठेतरी पू झालेला असतो, त्यातले जंतू रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर डोळ्याच्या आत जाऊन बसतात. हा लेख या तिसऱ्या कारणाविषयी आहे.

योगायोग असा की, या कोड्याचे दोन तुकडे एकाच वर्षी हाती लागले. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला. किटासाटोही तिथे त्याच शोधात होता. त्याच वर्षी जर्मनीत थिओडोर अ‍ॅक्सनफेल्ड या तरुण नेत्रवैद्याने शरीरातल्या पुवापासून डोळ्यात होणाऱ्या पुवावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. विखुरलेल्या रुग्णांच्या हकिगती त्याने गोळा केल्या आणि हे दुखणे कुठून कुठे जाते याची संगती लावली. त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, रुडॉल्फ फिर्खोने रक्तातून वाहत जाणाऱ्या गुठळ्या दूरच्या अवयवात अडकतात हे दाखवताना डोळ्याचे उदाहरण घेतले होते. म्हणजे प्लेगची गाडी खानदेशात आली तेव्हा ‘कसे’ याचे उत्तर छापलेले होते. ‘काय करावे’ याचे नव्हते, ना बर्लिनमध्ये, ना भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात.

तोवरच्या हकिगतींत बाळंतिणींचा भरणा मोठा होता. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढे. युरोपात या तापाने प्रसूतिगृहेच्या प्रसूतिगृहे ओस पडली होती. डॉक्टरांनी हात धुवावेत एवढेच सांगणाऱ्या सेमेलवाइसची १८४७ नंतर व्हिएन्नात काय गत झाली, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, बाजेखाली शेगडी, ओव्याची नि बाळंतशेपेची धुरी, दाराला घोंगडी. त्या अंधारात एखादीने ‘मला अंधूक दिसतंय’ म्हटले असेल तर त्यात कुणाला काय वावगे वाटले असणार? डोळा लाल झाला तर दोष धुराचा. आठ दिवसांनी ती उजेडात आली तेव्हा डोळा पांढुरका झालेला. अशा बायकांची नोंद कुठल्याच दप्तरात सापडायची नाही, पण ज्या काळात बाळंतज्वर घरोघर होता त्या काळात असे डोळे गेले असणारच, असे मला वाटते.

रक्तातले जंतू नेमके डोळ्यातच का शिरतात, याला शरीररचनेचे साधे उत्तर आहे. डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांची एक गच्च गादी असते आणि डोळ्याला मिळणाऱ्या रक्ताचा फार मोठा हिस्सा तिच्यातूनच वाहतो. जंतूंनी भरलेले रक्त या बारीक जाळ्यात आले की एखादा पुंजका तिथे अडकतो. रक्त आणि डोळ्याचा आतला भाग यांच्यामध्ये निसर्गाने एक बांध घातलेला आहे. अडकलेले जंतू तो फोडून आत उतरतात. आत, भिंगामागे, काचेसारखा पारदर्शक गर असतो. प्रकाश अडू नये म्हणून त्या गरात रक्तवाहिनी नाही, म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाईही नाहीत. जंतूंना यापेक्षा चांगली जागा शरीरात सापडणार नाही. दोनतीन दिवसांत गराचा पू होतो.

आणखी एक गंमत. पुष्कळ डॉक्टरांना हे दुखणे उजव्या डोळ्यात जास्त आढळले. हृदयातून उजव्या बाजूच्या मानेकडे जाणारी वाट अधिक सरळ आहे, असे त्याचे कारण दिले जाते. पुरुषाचा उजवा डोळा लवला की शुभ, असे आपण म्हणतो. शरीराला शुभाशुभाचे काही देणेघेणे नसते. चारांतल्या एकापर्यंत रुग्णांचे दोन्ही डोळे यात सापडतात, ही त्याहून वाईट बातमी.

१९३० च्या दशकापर्यंत यावर उपाय म्हणजे शेक, अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि शेवटी डोळा काढून टाकणे. पू मेंदूकडे जाऊ नये, एवढ्यासाठी शस्त्र धरायचे. मग परळच्या हाफकिन संस्थेत, जी मुळात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा म्हणूनच उभी होती, सल्फा औषधांवर काम सुरू झाले. संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे आणि अमरावतीत जन्मलेले भालचंद्र बाबाजी दीक्षित, जे पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले, या दोघांनी प्रयोगशाळेतल्या प्लेगवर सल्फाथायाझोल चालते हे १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ज्या दुखण्यावर मुंबई इलाख्याने चाळीस वर्षे झडत्या, छावण्या आणि लस यांनी झुंज दिली, त्यावर गिळायची गोळी सापडत होती आणि तीही परळमध्ये. हा पराक्रम आपल्याला रँडला मारणाऱ्या चाफेकरांइतका माहीत नाही, याची मला खंत वाटते.

पेनिसिलीनची कथा तर सुरुवातीपासून डोळ्यांशीच बांधलेली आहे. फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशी पाहिली, पण तिच्या अर्काने माणूस बरा झाल्याची पहिली नोंद १९३० मधली, शेफिल्डची: सेसिल पेन या डॉक्टरने डोळे पुवाने भरलेल्या तान्ह्या बाळावर तो कच्चा अर्क वापरला आणि डोळे वाचले. पेनने हे छापले नाही, म्हणून जगाला कळले नाही. त्यानंतर आला ऑक्सफर्डचा पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर, वय ४३. ओठाच्या कोपऱ्यावरच्या साध्या जखमेपासून सुरुवात झाली. जंतू चेहऱ्यावर, डोक्यावर, खांद्यात, फुप्फुसात पसरले. सल्फाने काही झाले नाही. फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीला पुवाने भरलेला त्याचा एक डोळा काढावा लागला. १२ फेब्रुवारीला त्याला पेनिसिलीन टोचले. दिवसभरात ताप उतरू लागला, भूक लागली, उरलेला डोळा निवळू लागला. पण साऱ्या जगातले शुद्ध पेनिसिलीन म्हणजे त्या प्रयोगशाळेतल्या थोड्या बाटल्या. शिपायाच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा त्यालाच टोचले. पाचव्या दिवशी तेही संपले. १५ मार्चला तो गेला.

हा साठा वाढवण्याचा एक धागा आपल्या पिंपरीला येऊन पोचतो. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलीन परदेशातून यायचे आणि महाग पडायचे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि १९५५ मध्ये तिथून पेनिसिलीन बाहेर पडू लागले. पुढे तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही ‘पेनिसिलीनचं इंजेक्शन’ हा शब्द सवयीचा झाला. पायातला काटा चिघळला, काळपुळी झाली, बाळंतिणीला ताप आला, तरी सुई होती. खुद्द प्लेगवर पेनिसिलीन चालत नाही, त्याला स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध लागते. पण केसतूड, गळू, नखुरडे, बाळंतज्वर यांतून डोळ्याकडे जाणाऱ्या बऱ्याच वाटा पेनिसिलीनने बुजवल्या. रक्तातून डोळ्यात उतरणारा पू इतका दुर्मीळ झाला की कित्येक डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिला.

एक अडचण मात्र उरली. जो बांध जंतूंना थोपवतो तोच औषधालाही थोपवतो. शिरेतून दिलेले औषध डोळ्याच्या आतल्या गरात पुरेसे उतरत नाही. म्हणून १९७० नंतर डॉक्टरांनी सरळ डोळ्याच्या आतच बारीक सुईने औषध सोडायला सुरुवात केली, एका मिलिलिटरचा दहावा भाग, बस. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट माखेमरने डोळ्यातला खराब गर कापून शोषून घेणारे यंत्र बनवले. आज मोठ्या शहरात ‘पडद्याचे डॉक्टर’ म्हणून जे ओळखले जातात त्यांचे काम या दोन गोष्टींवर उभे आहे. पाचोऱ्याच्या रुग्णाला त्यासाठी जळगाव, नाशिक, संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. आणि या दुखण्यात अख्खा खेळ तासांचा असतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुखणे परतले, वेष बदलून. बाळंतिणीची जागा मधुमेही माणसाने घेतली. पूर्व आशियात, प्रथम तैवानमध्ये, १९८० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की मधुमेह्यांच्या यकृतात क्लेबसिएला नावाच्या जंतूने गळू होते आणि त्यातून डोळा जातो. रुग्ण पोटदुखी आणि तापासाठी येतो, डोळ्याचे कुणाच्या ध्यानातही नसते. कधी उलटेही होते: माणूस डोळा घेऊन येतो आणि तपासता तपासता यकृतातले गळू सापडते. मूत्रमार्गाचा संसर्ग, हृदयाच्या झडपेवरचा जंतू, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, डायलिसिसची नळी, कुठूनही सुरुवात होऊ शकते. डोळ्याच्या आतल्या पुवाच्या सगळ्या रुग्णांत असे, शरीरातून आलेले, शंभरातले दोन ते आठ. बाकीचे शस्त्रक्रियेनंतरचे किंवा इजेचे.

आपल्या मुलखाची एक खास वाट आहे आणि तिच्याबद्दल बोलताना जरा कडू व्हावे लागते. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावतात. शेताच्या कामाने थकले, सलाईन. लग्नाच्या धावपळीने चक्कर आली, सलाईन. डॉक्टर नको म्हणाला तर रुग्ण दुसरा डॉक्टर बघतो, कारण बाटली टांगल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. चंदीगडच्या पी.जी.आय.मधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००० साली अशा रुग्णांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या: धडधाकट माणसे, कुठल्याशा किरकोळ कारणासाठी शिरेतून एकच ग्लुकोजची बाटली घेतलेली, आणि त्यानंतर डोळ्यात बुरशी. बाटलीतले द्रव दूषित असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ताकद यावी म्हणून चढवलेल्या पाण्याने डोळा घालवला. बुरशीच्या जागी जीवाणू असता तरी वाट हीच.

२०२१ च्या उन्हाळ्यात खानदेशाने आणि साऱ्या महाराष्ट्राने याच्यासारखेच एक भयंकर दुखणे पाहिले. करोनातून उठलेली, मधुमेह असलेली, स्टिरॉइड घेतलेली माणसे गालावरची सूज आणि डोळ्याची ठणक घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. काळी बुरशी म्हणून जिचे नाव घराघरात गेले ती म्युकर रक्तातून न येता नाकातून, सायनसमधून सरकत डोळ्याच्या खोबणीत शिरत होती, आणि ती जीवाणू नसून बुरशी होती. हा फरक डॉक्टरांसाठी मोठा. घरच्यांसाठी गोष्ट तीच: ताप गेला, माणूस घरी आला, आणि डोळा काढावा लागला. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात चिठ्ठ्या घेऊन धावत होते. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना कळवले की हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीचा करावा. तो कायदा १८९७ चा, मांडवीतल्या प्लेगसाठी केलेला. मधल्या १२४ वर्षांत परळमध्ये सल्फा आणि पिंपरीत पेनिसिलीन तयार झाले, पण कायद्याचे कलम शोधायला सरकारला रँडच्याच काळात जावे लागले.

अजूनही या दुखण्यात अर्धी लढाई वेळेत ओळखण्याची असते. डोळा लाल दिसतो म्हणून तो ‘आलाय’ असे समजून लोक मेडिकलमधून थेंब आणतात. डोळे येण्यात चिपडे येतात, खुपते, पण नजर शाबूत असते. या दुखण्यात नजरच जाते, आतून ठणका लागतो, उजेड सहन होत नाही, समोर ठिपके तरंगतात किंवा जाळे धरल्यासारखे दिसते. आणि थेंबांतले औषध पडद्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टरसुद्धा चुकतात, कारण तापाचे डॉक्टर वेगळे आणि डोळ्याचे वेगळे. तापाच्या डॉक्टरला रुग्ण डोळ्याचे सांगत नाही, आणि डोळ्याचा डॉक्टर गेल्या आठवड्यातल्या तापाचे विचारायला विसरतो.

म्हणून घरातला कुणी मधुमेही, कुणी बाळंतीण, नुकतेच इस्पितळातून आलेले कुणी, तापाच्या दिवसांत किंवा ताप उतरल्यावर ‘एका डोळ्याने धूसर दिसतंय’ म्हणाले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे न्या, आणि डोळ्याचे सांगण्याआधी ताप कशाचा होता ते सांगा. सलाईनची बाटली लागली असेल तर तेही.